नाट्यछंदापासून शेकोटीपर्यंत : बेडन-पॉवेल घराण्याचा प्रकरण अभ्यास

सिमल्याच्या हौशी नाट्यमंडळींनी १८९७ साली ‘द गेइशा’ ही संगीत नाटिका रंगमंचावर आणली, तेव्हा तिच्यातील चहाघराच्या मालकाची, वुन-हीची, विनोदी भूमिका चाळिशी गाठलेल्या एका घोडदळ अधिकाऱ्याने केली होती. मेरठ छावणीतील ५ व्या ड्रॅगून गार्ड्स या पलटणीची सूत्रे त्याच वर्षी त्याच्याकडे आली होती. पलटणीच्या प्रमुखाने तोंडाला रंग फासून लोकांना हसवावे, हे त्या काळच्या इंग्रजी छावणीत कुणाला वावगे वाटत नसे आणि या गृहस्थाला तर मुळीच वाटत नसे. हे गृहस्थ म्हणजे रॉबर्ट बेडन-पॉवेल. यानंतर बरोबर दहा वर्षांनी त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर घेतले आणि त्यातून बालवीर (बॉय स्काऊट) चळवळ उभी राहिली.

बालवीर चळवळीचा इतिहास सांगताना बेडन-पॉवेल यांचा नाट्यछंद बहुधा एका ओळीत उरकला जातो. सैनिक, हेर, चित्रकार, लेखक आणि जाता जाता हौशी नट, अशी ती यादी असते. प्रस्तुत लेखात त्या छंदाकडेच मुख्यत्वे पाहायचे आहे. नाटक आणि बालवीर चळवळ ही या घराण्याची दोन वेगळी अंगे होती, की एकातून दुसरे निघाले, आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती यांतले नेमके काय पडले, हा या प्रकरणातला प्रश्न आहे. शाळांतून स्काऊट-गाईडची पथके चालवणाऱ्या आणि गावोगावी हौशी नाटके बसवणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना तो प्रश्न आपलाच वाटेल, अशी माझी खात्री आहे.

घर आणि छावणी

रॉबर्ट यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील रेव्हरंड बेडन पॉवेल हे ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते. १८६० साली ते वारले तेव्हा रॉबर्ट अवघे तीन वर्षांचे होते. आई हेन्रिएटा ग्रेस ही आरमारातील अ‍ॅडमिरल विल्यम स्मिथ यांची मुलगी. पदरी लहान मुले, हाती बेताचा पैसा आणि मनात मुलांविषयी प्रचंड महत्त्वाकांक्षा, अशा स्थितीत तिने घर चालवले. पतीचे नाव मुलांच्या पाठीशी कायम राहावे म्हणून १८६९ मध्ये तिने ‘पॉवेल’ हे कुलनाम बदलून ‘बेडन-पॉवेल’ असे जोडनाव घेतले. थोरला वॉरिंग्टन समुद्रावर रमणारा होता. धाकट्या भावांना घेऊन तो होडीने प्रवास करी आणि त्या प्रवासात त्याचा शब्द अखेरचा असे. पुढे १९१२ मध्ये सागरी बालवीरांसाठी पुस्तक लिहिले ते याच वॉरिंग्टनने. मोठ्या भावाच्या हाताखाली लहानांचा गट आणि प्रत्येकाला नेमून दिलेले काम, ही बालवीरांची संघपद्धती रॉबर्टने कागदावर आणण्यापूर्वी कितीतरी वर्षे आपल्या भावंडांत अनुभवली होती.

१८७० मध्ये रॉबर्ट चार्टरहाउस शाळेत दाखल झाला. अभ्यासात तो फारसा चमकला नाही, पण शाळेच्या नाट्यप्रयोगांत, नकलांत आणि चित्रकलेत त्याचा हात धरणारे थोडेच होते. तो दोन्ही हातांनी चित्रे काढी. १८७६ मध्ये १३ व्या हुसार्स या घोडदळ पलटणीत त्याची नेमणूक झाली आणि वर्षाच्या अखेरीस मुंबईला उतरून तो लखनौला पोहोचला.

येथून पुढे नाटक हा निव्वळ विरंगुळा राहिला नाही. हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींचा खरा शत्रू पुष्कळदा कंटाळा हाच असे. उन्हाळ्याचे लांबलचक दिवस, तापाच्या साथी, दारू आणि त्यातून उद्भवणारी बेशिस्त यांवर उतारा म्हणून छावण्यांत नाटके, गाण्यांच्या मैफली आणि खेळ यांना वाव दिला जाई. बेडन-पॉवेल यांनी हे काम मनापासून अंगावर घेतले. ते पडदे रंगवत, कार्यक्रमपत्रिकांवर चित्रे काढत, तालमी घेत आणि विनोदी भूमिका करत. स्त्रीभूमिकाही करत. ज्यांच्या आजी-आजोबांनी बालगंधर्व पाहिले त्या मराठी वाचकाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. १८९० मध्ये ते माल्टाला गेले. त्यांचे मामा सर हेन्री स्मिथ तेथे गव्हर्नर होते आणि हे त्यांचे लष्करी चिटणीस. तेथेही बंदरातल्या दारूच्या गुत्त्यांकडे वळणाऱ्या शिपायांसाठी करमणुकीचे कार्यक्रम उभे करण्याचे काम त्यांनी हौसेने केले.

हौशी नाटक ज्याने एकदा तरी बसवले आहे, त्याला त्यातली मेख ठाऊक असते. पैसा नसतो, नट पगारी नसतात, आणि तरीही ठरल्या तारखेला पडदा वर जायचा असतो. अशा वेळी ज्याला अभिनय जमत नाही त्याला प्रकाशाकडे, ज्याला तेही जमत नाही त्याला पडदा ओढण्याकडे लावावे लागते, आणि प्रत्येकाला आपल्यावाचून प्रयोग अडेल असे वाटावे लागते. माणसे हाताळण्याची ही रीत कवायतीच्या मैदानावर शिकवली जात नाही. बेडन-पॉवेल यांनी ती तालमीत शिकून घेतली, असे मला वाटते.

वेढ्यातले रविवार

१३ ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९०० असे २१७ दिवस बोअरांच्या, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या, फौजांनी दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग या गावाला वेढा घातला होता. गावाच्या संरक्षणाची जबाबदारी बेडन-पॉवेल यांच्यावर होती. दोन्ही बाजू धार्मिक असल्याने रविवारी गोळीबार बंद राही. त्या दिवशी गावात क्रिकेटचे सामने, मैफली आणि नकलांचे कार्यक्रम होत. या मैफलींत बेडन-पॉवेल स्वतः उभे राहत. पियानोवादक पादेरेव्हस्की यांची नक्कल करत, लंडनच्या गरीब वस्तीतल्या माणसाच्या बोलीत किस्से सांगत. एप्रिलच्या अखेरीस बोअरांच्या बाजूच्या एलोफ नावाच्या अधिकाऱ्याने पत्र पाठवून, आम्हीही तुमच्या रविवारच्या खेळांत यावे काय, अशी विचारणा केली. त्यावर उत्तर गेले ते क्रिकेटच्या भाषेत : आम्ही २०० दिवस नाबाद आहोत.

मात्र खरा नाट्यप्रयोग सोमवार ते शनिवार चाले. सुरुंग पुरेसे नव्हते, म्हणून पेट्यांत वाळू भरून त्या गावाभोवती पुरल्या. येथे सुरुंग आहेत असा गाजावाजा केला आणि लोकांची खात्री पटावी म्हणून थोडा खरा दारूगोळा उडवून दाखवला. काटेरी तारही नव्हती. तेव्हा खांब तेवढे रोवले आणि शिपायांना हुकूम दिला की, त्या खांबांमधून जाताना प्रत्येकाने तार असल्यासारखे पाय उंच उचलून, कपडे सांभाळत, जपून पलीकडे जावे. दुर्बिणीतून पाहणाऱ्या शत्रूला नसलेली तार ‘दिसली’. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा वाकवून त्यात दिवा बसवला, तो रात्री एका मोर्च्यावरून दुसऱ्या मोर्च्यावर हलवला आणि सगळीकडे शोधदिवे असल्याचा भास निर्माण केला. नेपथ्य, मूकाभिनय आणि प्रकाशयोजना या तिन्ही गोष्टी येथे जशाच्या तशा वापरल्या आहेत.

येथे एक गोष्ट नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही. या वेढ्यात सर्वांत जास्त उपासमार झाली ती गावातील काळ्या रहिवाशांची. अन्नवाटपातल्या पक्षपाताबद्दल पुढच्या इतिहासकारांनी बेडन-पॉवेल यांच्यावर कठोर टीका केली आहे आणि ती गंभीरपणे घेतली पाहिजे. रविवारच्या मैफलीचा आनंद गावातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नव्हता.

बेट आणि पुस्तक

१९०७ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुले जमली. काही ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली होती, तर काही पूल आणि बोर्नमथ या जवळच्या गावांतल्या सामान्य घरांतली. त्यांचे चार संघ पाडले होते : लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे. सकाळी आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकून मुलांना उठवले जाई. या मुलांबरोबर नऊ वर्षांचा डोनाल्ड हा रॉबर्ट यांचा पुतण्याही होता. तो कोणत्याच संघात नव्हता. काकांचा ‘ऑर्डर्ली’ म्हणून निरोप पोचवणे हे त्याचे काम. डोनाल्डचे वडील जॉर्ज १८९८ मध्येच वारले होते. वडिलांचे छत्र तान्हेपणी हरपलेला पुतण्या आणि तिसऱ्या वर्षी वडील गमावलेला काका अशी ती जोडी होती. या शिबिराच्या वर्णनांत डोनाल्डचा उल्लेख ओझरता येतो, पण घराण्याच्या दृष्टीने पुढच्या पिढीचे पहिले पाऊल त्याचेच आहे. पुढे तो ऑक्सफर्डला भूगर्भशास्त्रात रमला.

रात्री शेकोटी पेटे. बेडन-पॉवेल उभे राहून गोष्ट सांगत आणि गोष्टीतली माणसे व जनावरे त्यांच्या हालचालींतून उभी राहत. झुलू योद्ध्यांचा समूहगजर ते स्वतः फेर धरून शिकवत. जानेवारी १९०८ पासून ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ पाक्षिक भागांत निघू लागले, तेव्हा त्यातील प्रकरणांना त्यांनी शेकोटीवरच्या गप्पा असेच म्हटले. पुस्तकात मुलांनी बसवण्यासाठी पोकाहोंटासच्या कथेवरची नाटिका आहे. पहिल्याच गप्पांत किपलिंगच्या ‘किम’ या कादंबरीची गोष्ट येते आणि तिच्यातूनच ‘किमचा खेळ’ आला. तबकात वीस-तीस बारीकसारीक वस्तू मांडायच्या, एक मिनिट पाहू द्यायच्या, वर फडके टाकायचे आणि आठवतील तितक्या लिहायला लावायच्या. महाराष्ट्रातल्या ज्या शाळेत स्काऊटचे पथक आहे, तेथे हा खेळ आजही खेळला जातो. कादंबरीत तो प्रसंग घडतो तो सिमल्यात, लर्गन साहेबाच्या दुकानात. किपलिंग यांनीही सिमल्याच्या हौशी नाटकांत कामे केली होती. त्या थंड हवेच्या गावातल्या नाट्यवेडाचे धागे असे लांबवर गेलेले दिसतात.

१९१६ मध्ये लहान मुलांसाठी कब शाखा निघाली, तेव्हा तर नाटकच तिचा पाया झाले. ‘जंगल बुक’मधील अकेला, बल्लू, बघीरा ही पात्रे प्रौढ शिक्षकांनी घ्यायची आणि मुलांनी लांडग्याची पिल्ले होऊन ओरडत फेर धरायचा. आठ वर्षांच्या मुलाला शिस्तीवर व्याख्यान दिले तर तो जांभया देतो. त्याला कळपातले पिल्लू केले की तो आपणहून रांगेत बसतो. ही जाण छावणीतल्या नटाची आहे.

घरातल्या स्त्रिया

४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दहा हजारांहून अधिक बालवीरांचा मेळावा भरला. त्यात काही मुली स्वतःच गणवेश जुळवून, हातात काठ्या घेऊन शिरल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत असे सांगू लागल्या. कुणी भूमिका दिली नव्हती, त्यांनी ती घेतली. तेव्हा रॉबर्ट यांनी धाकट्या बहिणीकडे, अ‍ॅग्नेसकडे, मुलींची संघटना सोपवली आणि १९१० मध्ये ती गर्ल गाईड्सची पहिली अध्यक्ष झाली. ही बाई मधमाश्या पाळणारी, वाद्ये वाजवणारी आणि बेडन या धाकट्या भावाबरोबर आकाशात फुगे उडवणारी होती; फुग्यांची कापडे ती स्वतः शिवत असे. १९१२ मध्ये मुलींचे पहिले हस्तपुस्तक तिने भावाच्या मजकुरावर संस्कार करून तयार केले.

त्याच वर्षी रॉबर्ट यांची जहाजावर ऑलेव्ह सोम्सशी ओळख झाली आणि ३० ऑक्टोबरला विवाह झाला. दोघांची जन्मतारीख एकच होती, वयात मात्र ३२ वर्षांचे अंतर होते. काही वर्षांत गाईड संघटनेची सूत्रे वहिनीकडे गेली. १९१८ मध्ये ऑलेव्ह चीफ गाईड, म्हणजे संघटनेच्या प्रमुख, झाल्या आणि अ‍ॅग्नेस मागे पडल्या. घरातली ही सल इतिहासाने फारशी उघडी केलेली नाही, परंतु घरच्या माणसांनी चालवलेल्या कोणत्याही संस्थेत किंवा नाटकमंडळीत पदांची अदलाबदल किती बोचते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती समजेल. माझ्या मते अ‍ॅग्नेस यांना त्यांच्या कामाच्या मानाने फार थोडे श्रेय मिळाले.

मुलगा, मुली, नातवंडे

विवाहाच्या पहिल्या वाढदिवशीच, ३० ऑक्टोबर १९१३ रोजी, मुलगा झाला. त्याचे नाव पीटर ठेवले ते ‘पीटर पॅन’ नाटकावरून. १९०४ च्या डिसेंबरात ते नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले, तेव्हा बेडन-पॉवेल यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले होते. एखाद्या नाटकाने भारावून मुलाचे नाव ठेवणारे वडील आपल्याकडेही आहेत. पण येथे त्या नावाचे ओझे झाले असावे. शाळा, मग सँडहर्स्टची लष्करी अकादमी, असा वडिलांच्या वाटेचा आराखडा पीटरसाठी आखलेला होता. त्याची प्रकृती नाजूक होती आणि ती वाट त्याला मानवली नाही. १९३४ मध्ये तो आफ्रिकेत ऱ्होडेशियाच्या पोलीस दलात गेला. वडिलांच्या मृत्यूनंतर, १९४१ मध्ये, उमरावपद त्याच्याकडे आले आणि १९६२ मध्ये पन्नाशीपूर्वीच तो वारला.

मुलींचे असे झाले नाही. हेदर आणि बेटी यांनी आईवडिलांचे दौरे जवळून पाहिले. धाकट्या बेटीला तर नवराही आईप्रमाणेच जहाजप्रवासात भेटला. १९३६ मध्ये गर्व्हास क्ले यांच्याशी विवाह करून ती उत्तर ऱ्होडेशियात गेली, तेथे तिने गाईडचे काम केले आणि इंग्लंडला परतल्यावर २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. तिसऱ्या पिढीतही हेच चित्र दिसते. पीटरचा थोरला मुलगा रॉबर्ट तिसरा बॅरन झाला, परंतु १९८० ते १९८५ या काळात ब्रिटनच्या गाईड संघटनेची मुख्य आयुक्त म्हणून प्रत्यक्ष गाडा हाकला तो त्याच्या पत्नीने, पेशन्स बेडन-पॉवेल यांनी. धाकटा मायकेल ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला आणि तिथल्या व्हिक्टोरिया राज्यातील बालवीर संघटनेशी निगडित राहिला. नाव मुलांकडे गेले, काम बहुतांशी लेकी-सुनांकडे, असा या घराण्याचा ताळेबंद आहे.

नाटकाचे मात्र घरात काय झाले? पुढच्या पिढ्यांत रंगमंचावर रमणारे दुसरे रॉबर्ट निपजले नाहीत. तो वारसा घराबाहेरच्या एका मुलाकडे गेला. रॅल्फ रीडर हा १९०३ मध्ये सॉमरसेटमध्ये जन्मलेला, लहानपणीच आईवडिलांना मुकलेला बालवीर. तरुणपणी तो अमेरिकेत गेला आणि ब्रॉडवेवर नृत्यदिग्दर्शक म्हणून त्याने नाव काढले. मायदेशी परतल्यावर डाउन येथील शिबिरस्थळी पोहण्याचा तलाव बांधायला पैसे हवेत म्हणून ऑक्टोबर १९३२ मध्ये त्याने लंडनच्या स्काला थिएटरात बालवीरांनाच घेऊन गाणी, नाच आणि प्रहसने यांचा कार्यक्रम केला. व्यावसायिक रंगभूमीवरच्या आपल्या नावाचा बोलबाला नको म्हणून जाहिरातीत त्याने नाव दिले नाही. दरवर्षी होऊ लागलेला हा कार्यक्रम ‘गँग शो’ म्हणून गाजला. पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरातल्या बेडन-पॉवेल यांनी त्याला मनापासून उत्तेजन दिले. १९३७ मध्ये राजघराण्यापुढील खास प्रयोगात या हौशी मुलांना स्थान मिळाले. दुसऱ्या महायुद्धात रीडर यांनी हवाई दलासाठी अशीच पथके काढली. त्यांतले एक हिंदुस्थानातही हिंडले आणि त्यात पुढे विनोदी नट म्हणून नामवंत झालेला पीटर सेलर्स होता. हिंदुस्थानच्या छावण्यांत सुरू झालेली गोष्ट अशी साठ-पासष्ट वर्षांनी पुन्हा हिंदुस्थानच्या छावण्यांत आली. आज ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी गावांत गँग शो होतात. आजोबा पडद्यामागे, आई वेशभूषेकडे आणि नात समूहगानात, असे चित्र तेथे सहज दिसते. बेडन-पॉवेल यांच्या घरात जे टिकले नाही ते अशा घरांत टिकून आहे.

पुण्याचा धागा

या घराण्याचा आणि आपला संबंध सरळ प्रेमाचा नाही. सुरुवातीला सरकारी स्काऊट संघटनेत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी १९१७ मध्ये वेगळी संघटना काढली आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभारली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल दांपत्य भारतात आले आणि काही संघटना एकत्र आल्या. १९३७ च्या भेटीनंतर मात्र भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांच्या नावे आलेल्या उद्गारांनी लोक दुखावले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी झाली. तो राग रास्त होता. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, सर्वांना सामावून घेणारी भारत स्काऊट्स आणि नंतर मुलींसह भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था आकाराला आली.

१६ ऑक्टोबर १९६६ रोजी ७७ वर्षांच्या ऑलेव्ह बेडन-पॉवेल पुण्यात आल्या आणि आळंदी रस्त्यावरील ‘संगम’ या गाईड मुलींच्या जागतिक केंद्राचे त्यांनी उद्घाटन केले. स्वित्झर्लंड, लंडन आणि मेक्सिको यांच्यानंतरचे हे चौथे केंद्र. २२ फेब्रुवारी हा त्या दांपत्याचा सामायिक जन्मदिवस आपल्या शाळांतून चिंतन दिन म्हणून पाळला जातो. शिबिराच्या रात्री शेकोटीभोवती एकेक संघ पुढे येतो. चादरीचा शालू होतो, काठीची तलवार होते, काजळाच्या मिशा लावून एक मुलगी सावकार होते, आणि जिला बोलायची भीती वाटते तिच्या हाती कंदील देऊन बाई तिला अगदी पुढे, जाळाच्या उजेडात उभी करतात.